सासूबाईंचा लेखक

सासूबाई मला रोज दुपारी शिव्या द्यायच्या. समोर बसून, तोंडावर, अगदी मनापासून. फक्त त्या आपण सुनेलाच देतोय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"हा मेला लिहिणारा," त्या म्हणायच्या, "याला घरी बायको नसणार. असली तर माहेरी निघून गेलेली असणार. चार भाग झाले, अजून त्या पोरीनं ओव्हरसियरकडं धड मान वर करून बघितलं नाही!"

मी पुस्तक मांडीवर पालथं घालून म्हणायची, "लाजत असेल, आई."

"कोण? पोरगी का लेखक?"

मी पुस्तक पुन्हा उचलायची. लाजत होता तो लेखकच, आणि तो लेखक मी होते.

आम्ही तेव्हा औरंगपुऱ्यात भाड्याच्या तीन खोल्यांत राहत होतो. हे पाटबंधारे खात्यात कारकून, मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची, आणि सासूबाई. पोलीस ॲक्शन होऊन एक पिढी मोठी झाली होती, तरी सासूबाईंची भाषा अजून निजामाच्या कचेरीतून बाहेर पडलेली नव्हती. त्यांचे वडील अदालतीत पेशकार, न्यायाधीशापुढं कागद ठेवणारे. लहानपणी घरात जेवतानासुद्धा मुकदम्यांच्याच गोष्टी. त्यामुळं खुनी म्हटलेलं त्यांना कळायचं, पण चालायचं नाही. कातिल म्हणायचं. पुराव्याला सबूत, आरोपीला मुलजिम. पुस्तकाचा भाग ऐन रंगात येऊन संपला, की त्या कपाळाला हात लावून म्हणायच्या, "पडली तारीख!"

त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी वाचायची मनाई केली होती. म्हणून कोपऱ्यावरच्या भाड्याच्या वाचनालयातून मी कादंबऱ्या आणायच्या आणि शाळेतून आले, चहा झाला, की मोठ्यानं वाचून दाखवायच्या, असा रिवाज पडला. त्यांना दोनच प्रकार आवडत. एक, ज्यात दोघांच्या लग्नाला सगळं जग आडवं येतं. दुसरा, ज्यात शेवटपर्यंत कातिल सापडत नाही. दोन्ही एकाच पुस्तकात असतील तर त्या दिवशी मला चहाबरोबर शंकरपाळे मिळायचे.

मी लिहायला कशी लागले, ते सांगते. शाळेचे परीक्षेचे पेपर गुलमंडीमागच्या गल्लीतल्या एका छोट्या छापखान्यात छापले जात. मुद्रितं तपासायला मला पाठवायचे. एकदा तिथं बाकावर दुसऱ्याच कशाची तरी मुद्रितं पडली होती, ती मी वेळ जात नव्हता म्हणून वाचली. कादंबरी होती. मी मालकांना म्हटलं, "अहो, ही बाई तिसऱ्या प्रकरणात विहिरीत पडून मेली, आणि सातव्यात चहा करतीय."

मालक अंगानं बारीक आणि स्वभावानं सदा घाबरलेले. ते म्हणाले, "बाई, लेखक पळून गेलाय. मीच पूर्ण केली. तुम्हीच का लिहीत नाही?"

मी हसण्यावारी नेलं आणि आठवडाभरात पहिलं प्रकरण लिहिलं.

टोपणनाव अर्थातच पुरुषाचं घेतलं. ते इथं सांगत नाही, कारण त्या नावाला पुढं बरीच प्रतिष्ठा मिळाली आणि ती माझ्यामुळं नाही. लपवायला कारण होतं. आमच्या मुख्याध्यापिकांना कादंबरी या शब्दाचीच शिसारी होती. मुलींच्या दप्तरांतून असली पुस्तकं जप्त करायचं काम त्यांनी माझ्याकडंच दिलं होतं. एकदा आठवीतल्या एका मुलीच्या दप्तरात माझाच दुसरा भाग सापडला. मी डोळे वटारून विचारलं, "कुठपर्यंत आलीस?" ती रडत म्हणाली, "गढीच्या जिन्यापर्यंत, बाई." मी पुस्तक जप्त केलं आणि दुसऱ्या दिवशी पुढं काय झालं ते तिला कोपऱ्यात घेऊन सांगून टाकलं. बिचारीची झोप उडाली असणार.

कादंबरी अशी होती. गोदावरीकाठी एक गढी. गढीच्या देशमुखांची एकुलती मुलगी. कालव्याची मोजणी करायला आलेला तरणाबांड ओव्हरसियर. त्याच्या आजोबांचं आणि देशमुखांच्या वडिलांचं एका बांधावरून भांडण, ते थेट हैदराबादपर्यंत गेलेलं, त्यामुळं दोन घरांत पाणीसुद्धा चालत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी गढीचे म्हातारे दिवाणजी जिन्याखाली मरून पडलेले सापडतात. जिना वरच्या खोलीकडं जातो. वरच्या खोलीला कायमचं कुलूप. आणि त्या दाराशी जो जाईल त्याच्या डोळ्यांत का कोण जाणे, पाणी उभं राहतं.

हे डोळ्यांतल्या पाण्याचं मला फार छान सुचलं होतं. त्या खोलीत काय आहे, ते मात्र अजिबात सुचलं नव्हतं. छापखान्याचे मालक म्हणायचे, "बाई, घाई नाही. लोक भाड्यानं नेतायत तोवर कुलूप राहू द्या." म्हणून मी कुलूप राहू दिलं.

आणि प्रेम का पुढं सरकत नव्हतं, त्याचंही कारण साधं होतं. मी जे लिहिणार ते महिन्याभरानं मलाच सासूबाईंसमोर मोठ्यानं वाचायचं होतं. एकदा, तिसऱ्या भागात, मी धीर करून ओव्हरसियरला तिच्या केसांतलं गवत काढायला लावलं. मग वाचायची वेळ आली. मी ते वाक्य गाळून पुढं गेले. सासूबाई ताबडतोब म्हणाल्या, "गाळलंस काहीतरी."

"नाही, आई."

"गाळलंस. ती आत्ता कडब्याच्या गंजीपाशी होती, एकदम घरी कशी पोचली? वाच."

मी वाचलं. हे आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. वर्तमानपत्र थरथरताना मला दिसत होतं. त्यानंतर मी नियमच केला की सासूसमोर वाचता येणार नाही ते लिहायचं नाही. चौथ्या भागात ओव्हरसियरनं तिच्या हातून एक पेरू घेतला. तोही चिरलेला, ताटलीतून.

पाचवा भाग संपला त्या दिवशी सासूबाईंचा धीर सुटला. "उद्या मला त्या छापखान्यात ने," त्या म्हणाल्या. "त्या लेखकाला मी समोरासमोर विचारते. मुलजिमाला अदालतीत उभं करायलाच पाहिजे."

मी बरेच बहाणे केले. गल्लीत चिखल आहे, मालक गावाला गेलेत, लेखक मुंबईला असतो. "मुंबईचा माणूस गढीतल्या चुलीचं इतकं बरोबर लिहील काय? इथलाच आहे," त्या म्हणाल्या आणि चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

छापखान्यात गिऱ्हाईक एकच होतं. कन्नडजवळच्या पिशोरचे एक शेतकरी, पन्नाशीचे, धिप्पाड, पांढराशुभ्र फेटा, ओठांवर जाडजूड मिश्या. पोरीच्या लग्नाच्या पत्रिका छापायला आले होते आणि गणपतीचे ठसे बघत बसले होते. "ह्यो गणपती लई बारीक हाय," ते म्हणत होते. "जरा अंगानं भरलेला दाखवा की. लग्नाचं घर हाय आमचं."

मालकांनी मला बघितलं आणि तोंड उघडलं, "या बाई, पुढच्या भागाचं काय..." तेवढ्यात त्यांना माझ्या मागच्या सासूबाई दिसल्या. "भागाचं... भागाकाराचं! गणिताच्या पेपरातल्या भागाकाराचं काय करायचं?"

सासूबाईंनी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "गढीची कादंबरी लिहिणारा कुठाय?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी मान जोरजोरात हलवली. मालक घाबरले की त्यांचा हात आपोआप कुठंतरी उठायचा, तसा तो उठला आणि त्याचं बोट पिशोरच्या पाहुण्यांवर जाऊन थांबलं.

सासूबाईंना लांबचं अंधुक दिसायचं. त्यांना भला मोठा पांढरा फेटा दिसला आणि तेवढं पुरलं. त्या थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काय हो, तुम्हाला काही वाटतं का? पोरीला किती दिवस अशी ताटकळत ठेवणार?"

पाहुण्यांना वाटलं, ही कुणीतरी सोयऱ्यांपैकी वडीलधारी बाई. ते लगबगीनं उठले. "मावशी, ताटकळत कुठं? ठरलंय की समदं."

"ठरलंय? मग उरकत का नाही?"

"तुळशीचं लगीन होऊ द्या. त्याच्या पाठोपाठ बार उडवायलोय."

"नक्की? का पुन्हा तारीख?"

"न्हाय न्हाय. शब्द हाय आपला."

"आणि दोन घरांतलं भांडण?"

पाहुणे जरा चपापले. हिला हेही कळलं? "थोडं मानपानाचं हुतं," ते म्हणाले, "मिटवलंय म्या."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. त्या मागं वळून मला म्हणाल्या, "बघ, माणूस किती सरळ आहे. उगीच मी शिव्या घातल्या." आणि त्यांनी त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. पत्ता सांगितला. मालकांनाही या म्हणाल्या. मी एका पेटाऱ्यावर बसून घेतलं.

नंतर मालकांनी पाहुण्यांना सगळं समजावून सांगितलं. माझं नाव तेवढं सांगितलं नाही, लेखक अज्ञात आहे आणि अज्ञातच राहिला पाहिजे एवढंच बोलले. पाहुणे आधी तयार नव्हते. "म्या आन् लेखक? मला सातबारा वाचताना घाम फुटतोय." शेवटी मालकांनी पत्रिकेवर दोन रंगांत, हवा तेवढा जाड गणपती छापून द्यायचं कबूल केलं, तेव्हा ते एका जेवणापुरते लेखक व्हायला राजी झाले.

रविवारी ते आले ते भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन. मालक त्यांच्या मागं लपत लपत. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, कुरडया असा बेत होता. पाट मांडले, पानं वाढली. सासूबाई समोरच खुर्ची टाकून बसल्या, हातात पंखा, कचेरीत बसल्यासारख्या. हे पाहुण्यांच्या शेजारी. मी वाढायला.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. सासूबाईंनी विचारलं, "ओव्हरसियरचा पगार देशमुखांना पुरेसा वाटेल का?" पाहुणे म्हणाले, "सरकारी नोकरी हाय, मावशी. कोन न्हाय म्हनंल?" सासूबाईंनी मान डोलावली. त्यांनी विचारलं, "पोरगी गप्प गप्प का असते?" पाहुणे म्हणाले, "लग्नाच्या आदी समद्या गप्पच असत्यात. मग बोलत्यात." यांना ठसका लागला आणि ते पाणी पिऊ लागले.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. चातुर्मास चालू होता. कांदेनवमीला आमच्या घरातला शेवटचा कांदा संपला, तो आता कार्तिकी एकादशी झाल्याशिवाय घरात येणार नव्हता. आणि पाहुण्यांच्या जेवणात आयुष्यात कधी कांदा चुकला नव्हता. त्यांची नजर पानात इकडून तिकडं फिरत होती. मिठापाशी गेली, लिंबापाशी गेली, कोशिंबिरीखाली बघून आली.

सासूबाई पंखा थांबवून पुढं वाकल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाकी काही विचारत नाही. फक्त एवढं सांगा. आत काय आहे? वरच्या खोलीत?"

पाहुणे पानातच बघत होते. "कांदा..." ते म्हणाले.

माझ्या हातातला तुपाचा चमचा आमटीत पडला.

"कांदा?" सासूबाई म्हणाल्या.

पाहुण्यांना वाटलं, मावशी आणू का म्हणून विचारतायत. त्यांचा चेहरा उजळला. "व्हय, कांदा!"

"एक?"

"लई असला तर बरंच हाय."

सासूबाई मागं टेकल्या. पंखा मांडीवर पडला. त्या भिंतीकडं बघत बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मग त्या सावकाश बोलू लागल्या, "दाराशी गेलं की डोळ्यांत पाणी. प्रत्येकाच्या. मुलीच्या. ओव्हरसियरच्या. त्या कठोर देशमुखाच्यासुद्धा! आणि आम्ही म्हणत होतो, तिथं कुणाचा आत्मा असेल. अहो, खोली कांद्यानं भरलेली!" त्यांनी चक्क हात जोडले. "मी पेशकाराची मुलगी. इतके मुकदमे ऐकले. पण असा सबूत डोळ्यांदेखत ठेवून कुणाला दिसू द्यायचा नाही, हे मी कुठं बघितलं नाही."

पाहुणे काही न कळून माझ्याकडं बघायला लागले. मालकांनी पुरणपोळी तोंडात कोंबून घेतली, म्हणजे बोलावं लागणार नाही. हे उठून मोरीत गेले आणि तिथून विचित्र आवाज येऊ लागले. "यांना पित्त आहे," मी पाहुण्यांना सांगितलं.

त्या रात्री मी यांच्यावर चिडले, मालकांवर चिडले, पिशोरवर चिडले. सहा महिने जपलेली खोली, तिच्यात मी काय काय ठेवायचं मनात आणलं होतं! वेडी आत्या. सोन्याच्या मोहरा. बांधाच्या भांडणाचा खरा निवाडा. आणि आता तिच्यात कांदे. दुसऱ्या दिवसापासून तर बदलताही येईना, कारण सासूबाईंनी सकाळीच नळावर सगळ्या बायकांना सांगून टाकलं. लेखकानं स्वतः माझ्या पाटावर बसून सांगितलं, अशी वर साक्ष.

मग मी बसले आणि शाळेतल्या मोकळ्या तासांना, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याआड, शेवटचा भाग लिहिला. एकदा कांदे मान्य केल्यावर मात्र गंमत वाटायला लागली. देशमुखांची जमीन कुळकायद्यात गेली होती, पैसा संपला होता, आणि देशमुख चोरून कांद्याचा व्यापार करत होते. गंगापूरच्या बाजारात दुसऱ्याच्या नावानं गाड्या जायच्या. गढीवाल्यानं तराजू धरला हे चारचौघांत कळलं तर मान जाईल, म्हणून कुलूप. दिवाणजींना कुणी मारलंच नव्हतं. ते अंधारात गोणी उतरवताना कांद्याच्या सालीवरून घसरले. आणि ओव्हरसियर आणि ती मुलगी शेवटी त्या दाराशी समोरासमोर येतात. दोघांच्याही डोळ्यांतून धारा. दोघांनाही वाटतं, समोरचं माणूस आपल्यासाठी रडतंय. म्हणून तो तिचा हात धरतो. हा प्रसंग मी सासूबाईंसमोर न अडखळता वाचू शकेन असं मला पहिल्यांदाच वाटलं, कारण चूक सगळी कांद्याची होती.

वाचून झालं तेव्हा सासूबाईंनी डोळे पुसले. मग जरा वेळानं म्हणाल्या, "म्हणजे कातिल कोणी नाहीच. मुकदमा खारिज." त्यांना ते थोडं लागलं. पण लग्न झालं होतं, शब्द पाळला गेला होता. त्या भागाला वाचनालयात इतकी मागणी आली की मालकांनी तो पुन्हा छापला आणि मला म्हणाले, "बाई, पुढच्या कादंबरीत काय? लसूण?"

पिशोरच्या लग्नाची पत्रिका आली. गणपती खरोखरच अंगानं भरलेला होता. मी नको नको म्हणत असताना सासूबाईंनी पिशवी भरली आणि आम्ही तिघं कन्नडला एसटी बदलून पिशोरला गेलो. मांडवात पाहुण्यांनी आम्हाला पुढं बसवलं. त्यांनी गावात कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. सासूबाईंनी पाणी पिऊन झाल्यावर पहिल्यांदा तेच केलं. आधी बायकांच्या बाजूला, मग वरमाईला, मग वरबापाला. "तुम्हाला ठाऊक आहे का, तुमचा व्याही केवढा लेखक आहे?"

वरबाप कन्नडचे. त्यांना मोठं कौतुक वाटलं. ते उठून म्हणाले, "मग मंगलाष्टक व्याह्यांचंच झालं पायजे!"

सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. पाहुण्यांचा फेटा एका बाजूला कलला. ते गर्दीतून वाट काढत सरळ माझ्याकडं आले आणि सामानाच्या खोलीच्या आडोशाला मला म्हणाले, "ताई, आता तुमीच वाचवा."

"मी?"

"म्या कांदा म्हनलं तवा तुमचं तोंड बगितलं हुतं. भरल्या बादलीला म्हशीनं लाथ मारल्यावर धार काढनाऱ्याचं असतंय ना, तसं. मला तवाच कळलं, दूध कुनाचं हाय ते. कुनाला बोललो न्हाय."

मी तिथंच, पत्रावळींच्या गठ्ठ्यावर बसून, एका कोऱ्या पत्रिकेमागं दोन कडवी लिहून दिली. माहेरचं अंगण, बापाचा हात, सासरचा उंबरा, अशी सगळी नेहमीची सामग्री. त्यांनी अंतरपाटाशी उभं राहून ती म्हटली. आवाज खणखणीत, आणि सातबारा वाचताना फुटणारा घाम इथंही फुटलेला. दुसऱ्या कडव्यात बापाचा हात सुटतो असं होतं. तिथं ते थांबले, कागद बाजूला झाला आणि त्यांना पुढं म्हणताच येईना. मांडवातल्या सगळ्या बायका रडायला लागल्या. मीही रडले. मी लिहिलं होतं तेव्हा ते शब्द होते नुसते. त्यांच्या तोंडून आले तेव्हा समोर त्यांची पोरगी उभी होती.

जाताना ते एसटीपर्यंत पोचवायला आले. "ताई, पुडचं काईतरी काढा बगा लौकर. आता मलाबी लोक इचारायलेत."

मी आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्या निघाल्या की एकेक प्रत पिशोरला जायची. ते ती आपल्या सुनेकडून वाचून घ्यायचे, म्हणजे निदान पुढच्या वेळी पंचाईत नको. माझ्या टोपणनावासकट तालुक्यात त्यांचं नाव झालं. शाळांच्या स्नेहसंमेलनांना त्यांना पाहुणे म्हणून बोलवायला लागले, आणि ऐकलंय की ते उत्तम बोलायचे. पोरांनी वाचावं, पण गुरं सोडायच्या आधी नाही, असा त्यांचा संदेश असायचा.

पुढं घरोघरी टीव्ही आले, भाड्याची वाचनालयं बंद पडली, छापखान्यात फक्त पत्रिका उरल्या. मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या. आता लपवायला कारण राहिलं नव्हतं. सासूबाई फार थकल्या होत्या, पण कान आणि जीभ शाबूत होती. एका दुपारी त्या म्हणाल्या, "ती गढीची काढ गं पुन्हा." मी पुस्तक काढलं, आणि उघडायच्या आधी म्हटलं, "आई, एक सांगू? ही मी लिहिलीय."

"काय?"

"ही कादंबरी. सहाच्या सहा भाग. आणि नंतरच्या तीनसुद्धा."

त्या ताठ होऊन बसल्या. मग त्यांच्यातली पेशकाराची मुलगी जागी झाली. "सबूत?"

"यांना विचारा. यांना पहिल्यापासून ठाऊक आहे."

"नवऱ्याची साक्ष धरत नाहीत."

"छापखान्याचे मालक सांगतील."

"त्यानं माझ्यासमोर बोट करून दाखवलंय लेखक कोण ते. आता जबाब फिरवेल तर मी मानीन?"

"अहो, मंगलाष्टकसुद्धा मीच लिहून दिलं होतं. पत्रावळींवर बसून."

तेव्हा मात्र त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी कणव होती. "हे बघ," त्या म्हणाल्या, "तू शिकलीस, नोकरी केलीस, संसार केलास. काय कमी आहे तुला? त्या भल्या माणसाच्या कष्टावर कशाला नाव लावतेस आपलं?"

हे दारातच उभे होते. ते म्हणाले, "आई, ती खरं सांगतीय."

"तू गप्प बस. तुला पित्त आहे."

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या तेव्हा मी आत चहा करत होते. सासूबाई त्यांना हळूच सांगत होत्या, "सूनबाईला इतकी वर्षं मीच वाचायला लावलं. मोठ्यानं वाचून वाचून डोक्यावर ताण आलाय थोडा. तुम्ही मनावर घेऊ नका काही बोलली तर."

दुसऱ्या दिवसापासून मला सकाळी भिजवलेले बदाम मिळायला लागले. रात्री त्या स्वतः आठवणीनं वाटीत भिजत घालायच्या, सकाळी साल काढून माझ्यासमोर ठेवायच्या आणि मी खाऊन होईपर्यंत हलायच्या नाहीत. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यासाठी असं कधी काही केलं नव्हतं. मी एकदाही नको म्हटलं नाही.